पावसाळ्यात गावी उभ्या राहणाऱ्या मोटारसायकली: धुण्याइतकंच वाळवण्याकडे लक्ष द्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे डोंबिवलीला नोकरी करतात, घर राजापूर तालुक्यात. गावी दोन गाड्या आहेत: वडिलांची २०१२ सालची कार्बोरेटरवाली स्प्लेंडर आणि त्यांची स्वतःची २०२२ ची क्लासिक ३५०. मेअखेर सगळे मुंबईला परततात, घरी आई आणि काका राहतात, आणि पुन्हा येणं होतं ते गणपतीला. तेव्हा दरवर्षी एक तरी गाडी सुरू होत नाही, रिमला गंज चढलेला असतो, बॅटरी उतरलेली असते. गाड्या कशा धुवायच्या, कशा ठेवायच्या आणि काकांनी आठवड्यातून एकदा स्टार्ट करून ठेवायची का, असं त्यांनी विचारलं आहे.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण उभ्या गाड्यांचं मोठं नुकसान मी त्यातूनच होताना पाहतो. काकांना गाडी नुसती स्टार्ट करून ठेवायला अजिबात सांगू नका. एक लिटर पेट्रोल जळतं तेव्हा जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. गाडी रस्त्यावर वीस-पंचवीस किलोमीटर चालली की इंजिन, ऑइल, सायलेन्सर सगळं कडक तापतं आणि ते पाणी वाफ होऊन बाहेर निघून जातं. पडवीत पाच मिनिटं चालू ठेवून बंद केलीत, तर तीच वाफ थंड सायलेन्सरात पाणी होऊन साचते आणि थोडी इंजिन ऑइलमध्ये उतरते. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतून पिवळसर फेसाळ थर दिसला तर तो याचाच. सायलेन्सर आतून सडत जातो. वरून क्रोम चकचकीत, आणि खालच्या बाजूला स्क्रूड्रायव्हरने जरा टोचलं की आरपार भोक. बॅटरीचंही तेच. सेल्फ मारताना जेवढी खर्च होते तेवढी पाच मिनिटांच्या आयडलिंगमध्ये परत भरत नाही. दर आठवड्याला ती थोडी थोडी उतरत जाते आणि घरच्यांना वाटतं, गाडीची काळजी घेतोय.

काका गाडी खरोखर चालवणार असतील तर गोष्ट वेगळी. उघडीप मिळाली की दहा-पंधरा दिवसांतून एकदा बाजाराला जाऊन येऊ देत, त्याहून चांगलं काही नाही. पण चालवणार नसतील तर हात लावू नये. नीट तयारी करून ठेवलेली गाडी तीन महिने शांत उभी राहते आणि गणपतीला सुरूही होते.

ही तयारी म्हणजे मुख्यतः गाडी आतून-बाहेरून कोरडी करणं. आपल्या किनारपट्टीवर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. छपराखाली गाडी भिजत नाही हे खरं, पण हवाच ओली असते. मेमध्ये गाडीच्या सांदीकोपऱ्यात जो ओलावा, माती आणि मीठ राहून गेलं, ते पुढे चार महिने वाळायची शक्यता नसते. म्हणून पापड-फेण्यांचं वाळवण आपण उन्हं आहेत तोवर उरकतो, तसंच हे कामही मृग लागायच्या आधी, कडक ऊन असताना उरकायचं. निघायच्या आदल्या रात्री घाईत गाडी धुऊन ताडपत्रीखाली ढकलण्यापेक्षा ती न धुतलेली बरी.

धुण्यासाठी सकाळची वेळ घ्या, इंजिन पूर्ण गार हवं. आधी साध्या नळीने, जोर न लावता, माती भिजवा आणि दहा मिनिटं तशीच सोडा. सुकी माती फडक्याने पुसली की रंगावर बारीक चरे पडतात. टाकी आणि मडगार्ड धुणं सगळ्यांनाच जमतं. गाडी सडते ती न दिसणाऱ्या जागांवरून. मागच्या मडगार्डच्या आत हात घालून बघा, वरच्या बाजूला मातीचा थर हाताला लागेल. तसाच थर स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) चेनच्या शेजारी, डबल स्टँडच्या स्प्रिंगमध्ये, फुटरेस्टच्या सांध्यात, बॅटरीच्या डब्याखाली आणि इंजिनखालच्या चासीच्या पाइपांवर असतो. जुना टूथब्रश आणि पाणी घेऊन या जागा एकेक करून साफ करा. माती पाणी धरून ठेवते आणि तिच्याखाली रंगाला फुगे येतात.

आपल्याकडे यात एक वेगळी अडचण आहे. जांभ्याची माती आणि गंज यांचा रंग सारखाच. स्पोकच्या मुळाशी तांबडं दिसलं की माती असेल म्हणून माणूस पुढे जातो. ओल्या फडक्याने दाबून पुसा. माती असेल तर फडक्यावर येते आणि खाली धातू स्वच्छ दिसतो. गंज असेल तर फडकं थोडं रंगतं, पण डाग जागेवर राहतो आणि बोटाला खरखर लागते. असा डाग क्रोमवर असेल तर ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असल्याने चकाकी जात नाही आणि वरवरचा गंज निघतो. चासीवर रंग उडून गंज दिसत असेल तर बारीक पॉलिश पेपर, मग प्रायमर, मग काळा रंग. हे मेमध्येच करा. ओल्या हवेत मारलेला रंग धरत नाही.

कपडे धुण्याची पावडर आणि भांड्यांचा साबण गाडीला लावू नका. ते तेलाबरोबर रंगावरचं मेणही काढून टाकतात, ॲल्युमिनियमवर पांढुरके डाग पाडतात आणि नीट धुतलं नाही तर त्यातले क्षार सांध्यांत राहतात. वाहनांसाठी मिळणारा साधा शॅम्पू पुरतो. एका बादलीत शॅम्पूचं पाणी ठेवा, दुसऱ्यात नुसतं पाणी, फडकं आधी साध्या पाण्यात खळबळून मगच शॅम्पूत बुडवायचं. नाहीतर टाकीवर वाळू फिरवल्यासारखंच होतं. मे महिन्यात आंबोळगड-वेत्येच्या बाजूला समुद्रावर गेला असाल तर आधी विहिरीच्या गोड्या पाण्याने भरपूर धुवा. खारा तवंग दिसत नाही, पण हवेतला ओलावा ओढून घेत राहतो.

सर्व्हिसिंग सेंटरला प्रेशर पंपाने धुऊन घेणार असाल तर समोर उभे राहा. जोरकस फवारा चाकांच्या हबवर, स्टिअरिंगच्या बेअरिंगवर, चेनवर, स्विच आणि वायरींच्या जोडांवर (कपलरवर) थेट मारू देऊ नका. पाणी सीलच्या आत शिरतं, ग्रीस धुऊन नेतं आणि बाहेर यायला वाट नसते. आणि धुऊन झाल्यावर चमक यावी म्हणून सगळ्या गाडीवर डिझेल-ऑइल मारायची पद्धत आहे, त्याला स्पष्ट नाही म्हणा. डिझेलने रबरी नळ्या, बुशिंग, वायरिंगची आवरणं फुगतात, आणि ओशटपणाला धूळ चिकटून जो लेप बसतो तो पुढे पाणी धरतो. चुकून डिस्कवर किंवा टायरवर गेलं तर ब्रेक लागत नाही, म्हणजे थेट जिवाशी खेळ.

धुऊन झालं की लगेच फडक्याने पुसा, मग गाडी उन्हात उभी करा, आणि मग चालवा. हा टप्पा टाळू नका. फडकं पोहोचत नाही तिथलं पाणी फक्त वारा आणि इंजिनची उष्णता काढते. हायवेने लांज्यापर्यंत जाऊन या. वाटेत दोन्ही ब्रेक अधूनमधून हलके दाबत राहा, म्हणजे ड्रममधला ओलावा जाईल. येताना पंपावर टाकी भरून घ्या.

टाकी भरण्याबद्दल जरा सविस्तर सांगतो. दोन्ही गाड्यांच्या टाक्या पत्र्याच्या आहेत. अर्धी टाकी म्हणजे अर्धी ओली हवा. दिवस-रात्रीच्या फरकाने ती हवा आत-बाहेर होते, आतल्या पत्र्यावर दव धरतं आणि टाकी आतून गंजते. तोच गंज पुढे फिल्टरमध्ये आणि जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकांत, अडकतो. म्हणून टाकी भरलेली ठेवायची, अगदी तोंडापर्यंत नाही, टाकीच्या तोंडाला आतून जो गळा असतो त्याच्या खालच्या कडेपर्यंत. पेट्रोल तापून फुगतं, त्याला जागा लागते. दुसरी गोष्ट इथेनॉलची. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं. पाण्याचं प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळं होतं आणि जड असल्याने तळाशी बसतं. कॉक (टाकीखालचा पेट्रोलचा नळ) असो की पंप, पेट्रोल तळातूनच उचलतात. गणपतीला गाडी दोन मिनिटं चालून बंद पडते, त्याचं एक कारण हे. भरलेल्या टाकीत ओल्या हवेला जागाच कमी राहते. फ्युएल स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल टिकवणारं द्रव्य, मिळालं तर बाटलीवर दिलेल्या प्रमाणात घाला. नाही मिळालं तरी तीन महिन्यांसाठी भरलेल्या टाकीवर काम भागतं.

टाकीच्या झाकणाकडे कोणी बघत नाही. झाकण टाकीच्या पत्र्यात बसवलेलं असतं अशा गाड्यांना झाकणाभोवतीचं पावसाचं पाणी खाली जायला एक बारीक भोक असतं, त्याला नळी जोडलेली असते. ते मातीने बुजलं की पाणी झाकणाभोवती साचतं आणि रबर जुनं असेल तर सरळ टाकीत उतरतं. तुमच्या गाडीला ते असेल तर बारीक मऊ तार हळूच घालून मोकळं करा, वरून चमचाभर पाणी ओतून खाली निघतंय का बघा. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर बदला. स्प्लेंडरची पेट्रोलची नळीही बघून घ्या. २०१२ ची गाडी इतक्या इथेनॉलचा विचार करून बनलेली नाही. नळी वाकवून पाहा, चिरा दिसल्या की नवी टाका.

स्प्लेंडरला पुढचं काम कार्बोरेटरचं. फेरी मारून आलात, इंजिन गरम आहे, तेव्हा कॉक बंद करा आणि गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. मग कार्बोरेटरच्या खालच्या वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करून उरलेलं पेट्रोल बाटलीत काढा आणि स्क्रू परत आवळा. वाटीतलं थोडंसं पेट्रोल महिन्याभरात उडून जातं आणि मागे चिकट थर राहतो. पायलट जेटचं भोक इतकं बारीक असतं की तेवढा थर त्याला पुरतो. मग चोक ओढला तरच गाडी चालते, सोडला की बंद. दोन मिनिटांचं हे काम केलं तर गणपतीत कार्बोरेटर खोलावा लागत नाही. क्लासिकला कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आहे, पंप टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडलेला असतो, तिथे काही रिकामं करायचं नाही. भरलेली टाकी हीच त्या पंपाची राखण.

इंजिन गरम आहे तोवरच ऑइल बदला, आणि स्प्लेंडरला हे काम कार्बोरेटर रिकामा करायच्या आधी. बरेच जण म्हणतात, गाडी उभीच राहणार आहे तर नवं ऑइल आल्यावर घालू. उलट आहे. वापरलेल्या ऑइलमध्ये जळण्यातून आलेली आम्लं आणि पाणी असतं. ते तीन महिने बेअरिंगना लागून राहतं. नवं ऑइल घालून दोन मिनिटं इंजिन फिरवा, म्हणजे सगळीकडे स्वच्छ थर बसेल. स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३०, नव्या क्लासिकला १५डब्ल्यू-५०, आणि डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं हवं. कारचं ऑइल उरलंय म्हणून घालू नका. मोटारसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडलेला असतो, आणि कारच्या ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांनी तो घसरतो.

चेन. क्लासिकची चेन उघडी असते. डबल स्टँडवर लावा, गिअर न्यूट्रलमध्ये, चावी काढलेली, आणि चाक हाताने फिरवत रॉकेल किंवा चेन क्लीनर आणि मऊ ब्रशने साफ करा. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चेन साफ करू नका. फडकं स्प्रॉकेटमध्ये (चेनच्या दातेरी चक्रात) ओढलं जातं आणि मागोमाग बोटं जातात. पेट्रोलने चेन धुऊ नका, त्याने सीलची रबरं खराब होतात आणि आगीचा धोका असतो. कोरडी पुसून ९० नंबरचं गिअर ऑइल किंवा चेन ल्यूब आतल्या बाजूने, थेंब थेंब, प्रत्येक कडीला द्या आणि अर्ध्या तासाने जास्तीचं पुसून काढा. डब्ल्यूडी-४० हा स्प्रे पाणी हटवायला उत्तम आहे, पण चेनचं वंगण नव्हे. स्प्लेंडरची चेन पूर्ण कव्हरमध्ये असते म्हणून लोक ती विसरतात. कव्हरला तपासणीसाठी रबरी बूच असतं, ते काढून चाक फिरवत तेल द्या आणि ताण बघा. मधोमध वर-खाली साधारण २५ ते ३० मिलिमीटर खेळ असावा, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात आहे. क्लचची केबल, ब्रेकचे पेडल आणि लिव्हरचे पिन, स्टँडचा सांधा इथे ऑइलचे चार थेंब पुरतात.

आता मेण. टाकी, मडगार्ड, क्रोम यांवर वॅक्स पॉलिश लावून पुसून काढा. रिम, स्पोक, चासी, स्टँड, नटबोल्ट यांवर ताज्या इंजिन ऑइलने ओलावलेलं फडकं नुसतं फिरवा, ओघळ दिसता कामा नये. डिस्क, ब्रेक पॅड, टायर यांच्या जवळ ते फडकं नेऊ नका. खोबरेल किंवा गोडं तेल अजिबात नको. ते पुढे खवट, चिकट होतं आणि उंदरांना वास लागतो.

बॅटरी ही क्लासिकची सगळ्यात नाजूक बाजू, कारण तिला किक नाही. बॅटरी उतरली की धक्का मारूनही उपयोग होईल असं नाही, इंजेक्शनच्या पंपालाच वीज हवी. गाडी बंद असली तरी घड्याळ आणि कंट्रोल युनिट थोडा थोडा करंट ओढत असतात, वेगळं जीपीएस लावलं असेल तर बराच. उपाय सोपा आहे. बॅटरी आधी पूर्ण चार्ज करा आणि वायर सोडवा. सोडवताना आधी निगेटिव्ह, म्हणजे काळी. लावताना आधी पॉझिटिव्ह. उलटं केलंत तर पाना चासीला टेकून ठिणगी उडते. चार्ज पूर्ण झाल्यावर काही तास थांबून मल्टिमीटरवर १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसले पाहिजेत. १२.४ च्या खाली असेल तर परत चार्ज करा. उतरलेली बॅटरी तशीच ठेवली तर प्लेटवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि मग ती पूर्ण चार्ज होत नाही. चार्जर लहान हवा, बॅटरीच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्शाइतका करंट. आठ ॲम्पिअर-तासाच्या बॅटरीला पाऊण-एक ॲम्पिअर. ट्रकच्या बॅटरीवाल्याकडे टाकलीत तर मोठ्या करंटने ती शिजून निघेल. अशी सोडवलेली, भरलेली बॅटरी घरात कोरड्या कपाटात ठेवा, तीन महिने आरामात राहते. स्प्लेंडरची बॅटरी पाण्याची असेल तर डिस्टिल्ड वॉटर वरच्या रेघेपर्यंत भरूनच चार्ज करा.

गाडी ठेवायची कुठे, यावर सगळं अवलंबून आहे. पडवी ठीक, पण पागोळ्यांच्या रेषेपासून दोन हात आत. झापं किंवा प्लास्टिक लावून पावसाची बाजू बंद केली असेल तर दुसरी बाजू वाऱ्याला मोकळी ठेवा. गोठ्यात किंवा गोठ्याच्या भिंतीला लागून गाडी ठेवू नका. गोमूत्रातून सुटणारा अमोनिया तांब्याच्या वायरी आणि पितळी टर्मिनल हिरवी करून टाकतो. खताच्या गोणींचंही तसंच. जूनमध्ये युरिया, सुफला पडवीत येऊन पडतात, कोणीतरी गोण गाडीला टेकवून ठेवतं, आणि खत पाणी धरून पाझरायला लागलं की त्या बाजूची रिम आणि सायलेन्सर खाऊन जातं. एकच गाडी, एका बाजूने नवी आणि दुसऱ्या बाजूने दहा वर्षांची, असं मी कितीतरी वेळा पाहिलं आहे. मिठाची गोण, काजूबिया, सुपारी, पेंढा हेही लांब. शेवटच्या तिघांच्या मागे उंदीर येतात.

उंदीर वायरिंग कुरतडतात आणि एअर फिल्टरच्या डब्यात घरटं करतात. सायलेन्सरचं तोंड प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या कापडाच्या बोळ्याने बंद करा, पण सायलेन्सर पूर्ण गार झाल्यावर, आणि बोळ्याचं टोक बाहेर लोंबतं ठेवा. फिल्टरच्या त्या डब्याच्या, म्हणजे एअर बॉक्सच्या, तोंडावर बारीक तारेची जाळी बांधा. चावीला चिठ्ठी लावा: बोळा आणि जाळी काढल्याशिवाय स्टार्ट करू नये. डांबरगोळ्या कापडात बांधून सीटखाली टांगता येतात, रंगाला आणि प्लास्टिकला टेकू देऊ नका. विषाच्या गोळ्या मी सांगत नाही, मेलेला उंदीर नेमका फिल्टरच्या डब्यात सापडतो. कुंभारमाशीही आहेच. टाकीच्या आणि कार्बोरेटरच्या लोंबत्या नळ्यांची तोंडं ती मातीने बुजवते, तिथे पातळ जाळीचा तुकडा रबराने बांधा.

गाडी डबल स्टँडवर लावा, स्टँडखाली आणि पुढच्या चाकाखाली फळी. शेणाने सारवलेल्या किंवा मातीच्या जमिनीतून ओल वर येते आणि स्टँड रुततोही. टायरमध्ये नेहमीपेक्षा दोन-तीन पीएसआय हवा जास्त भरा, तीन महिन्यांत तेवढी उतरतेच. हँडल लॉक करू नका. रात्री पाणी आलं तर गाडी हलवता यायला हवी.

अंगावर टाकायला जुनी सुती चादर किंवा हवा खेळणारं कव्हर. प्लास्टिकची ताडपत्री थेट गाडीवर नको. आत घाम धरतो आणि टाकीवर पांढरे चट्टे उठतात. छपर गळतंय म्हणून ताडपत्री लागणारच असेल तर बांबूवर उंच ताणून बांधा, खालून वारा जाऊ द्या. श्रावणात ऊन पडलं की काकांना तेवढी चादर दोन तास काढून ठेवायला सांगा. त्यांच्याकडून हवं ते एवढंच.

पुराबद्दल. राजापुरात अर्जुना-कोदवलीचं पाणी जवाहर चौकात येणं नवीन नाही, आणि २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने चिपळूणचं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं. घर नदीजवळ असेल तर गाड्या मेमध्येच चढावरच्या नातेवाइकांकडे ठेवा. आणि गाडी पाण्यात गेलीच, तर पाणी ओसरल्यावर चालू होते का म्हणून सेल्फ किंवा किक मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरी सोडवा, मेकॅनिकला बोलवा. प्लग काढून पाणी बाहेर काढायचं, ऑइल काढायचं (दुधाळ चहाच्या रंगाचं निघालं तर आत पाणी आहे), स्वस्त ऑइलने एक-दोनदा धुऊन मग चांगलं घालायचं, एअर फिल्टर, टाकी, कार्बोरेटर, ब्रेक सगळं उघडायचं. हे दोन-चार दिवसांत झालं तर इंजिन बहुधा वाचतं. पुराचं नुकसान नुसत्या थर्ड पार्टी विम्यात मिळत नाही, त्याला स्वतःच्या नुकसानीचा विमा लागतो. नदीकाठी राहणाऱ्यांनी तो घ्यावाच.

गणपतीला आल्यावर गडबड करू नका. आधी सायलेन्सरातला बोळा आणि एअर बॉक्सची जाळी काढा, नळ्यांवरची जाळी काढा, सीट उचलून वायरिंगवर नजर फिरवा. कुरतडल्याचं दिसलं तर बॅटरी जोडू नका, तांबं उघडं पडलेल्या वायरीने आग लागू शकते. हवा भरा, ऑइलची पातळी बघा, बॅटरी लावा. टाकीचं झाकण उघडून वास घ्या. पेट्रोलचा नेहमीचा झणझणीत वास यायला हवा. आंबूस, जुन्या रंगासारखा आला तर ते काढून टाका. स्प्लेंडरचा कॉक चालू करून मिनिटभर थांबा, वाटी भरू द्या, मग चोक आणि किक. तीन महिन्यांत क्लचच्या प्लेट एकमेकींना चिकटतात, त्यामुळे पहिला गिअर टाकताच गाडी झेप घेते. तसं होऊ नये म्हणून इंजिन बंद असतानाच क्लच दाबून, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये गाडी मागेपुढे ढकला. क्लच दाबलेला असूनही चाक अडत असेल तर अजून चिकटलंय, ढकलत राहा, काही वेळाने सुटतं.

मागचं चाक न्यूट्रलमध्येही फिरत नसेल तर ब्रेकचे शू ड्रमला गंजाने धरलेत. जोर लावून ओढू नका. ड्रमवर बाहेरून लाकडी हातोडीने हलकं ठोकत मागेपुढे करा, बहुतेक वेळा सुटतात. डिस्कवर तांबूस थर दिसेल, तो पहिल्या चार-पाच ब्रेकमध्ये निघतो, पण ते ब्रेक अंगणातच मारा, उतारावर नाही. ब्रेक ऑइल काळपट झालं असेल किंवा दोन वर्षं बदललं नसेल तर बदलून घ्या. तेही हवेतलं पाणी शोषतं आणि घाटात तापलं की लिव्हर मऊ पडतो. पहिली फेरी एकट्याने, गावातल्या गावात. पोरांना मागे बसवून थेट बाजारात नाही.

कागदपत्रंही याच काळात संपतात. स्प्लेंडर जुन्या मानकाची असल्याने तिचं पीयूसी सहा महिन्यांचं, क्लासिकचं वर्षाचं. विमा जुलै-ऑगस्टमध्ये संपत असेल तर मुंबईतूनच ऑनलाइन भरा. मधे खंड पडला की स्वतःच्या नुकसानीच्या विम्यासाठी गाडीची तपासणी मागू शकतात, आणि सणाच्या दिवसांत त्यासाठी माणूस मिळत नाही. गावच्या मेकॅनिकला आठवडाभर आधी फोन करून ब्रेक शू, क्लच केबल, प्लग असे काही लागण्यासारखे सुटे भाग सांगून ठेवा. चतुर्थीच्या आदल्या दोन दिवसांत आमच्याकडे गाड्यांची रांग लागते आणि तेव्हा रत्नागिरीहून माल मागवायला वेळ नसतो.